डाग कुठला, खूण कुठली

अमेरिकेच्या मिझुरी राज्यातल्या लेक सिटी कारखान्यात 1941 पासून तिथल्या सैन्यासाठी काडतुसं तयार होतात. त्यातलं एखादं रायफलीचं काडतूस हातात घेऊन पाहिलं, तर पितळी पुंगळीच्या गळ्याभोवती निळसर-तपकिरी डागाचा पट्टा दिसतो. नवं कोरं काडतूस आणि त्यावर डाग! पहिल्यांदा बघणाऱ्याला वाटतं, माल जुना आहे, कुठे तरी ओल लागली आहे. दुकानात विकल्या जाणाऱ्या काडतुसांवर हा पट्टा सहसा नसतो. गिऱ्हाइकाला तो आवडत नाही, म्हणून कंपन्या तो घासून काढतात. सैन्य मात्र तो मुद्दाम ठेवायला लावतं. पुंगळीचं तोंड घडवून झाल्यावर आचेवर तापवून मऊ केलेलं असतं, आणि ते केलं आहे याचा डोळ्यांना दिसणारा पुरावा म्हणजे हा पट्टा. तो दिसला की तपासनीस पुढे सरकतो.

गिऱ्हाइकाच्या लेखी जो डाग, तीच तपासनिसाच्या लेखी खूण. झाडलेल्या पुंगळ्या साफ करून पुन्हा भरणाऱ्यांचं सगळं कसब मला या एवढ्या फरकात सामावलेलं दिसतं. वरवर पाहिलं तर ही माणसं तासन्‌तास पितळ चकचकीत करत बसलेली असतात. त्यांच्यातले जाणते मात्र पितळ वाचता येईल असं करत असतात, आणि चकाकी त्या वाचनाला कधी मदत करते, कधी आड येते.

आधी पुंगळी म्हणजे काय ते पाहू. ठासणीच्या बंदुकीला पुंगळी नसते. कोकणात पिकाच्या राखणीसाठी परवान्यावर ठेवलेल्या अशा बंदुका अजून सापडतात. नळीच्या तोंडातून दारू ओतायची, वर गोळी किंवा छर्रे, मग गजाने ठासायचं आणि मागे दारू पेटवणारी केप बसवायची. एकोणिसाव्या शतकात दारू, गोळी आणि केप हे तिन्ही जिन्नस एका धातूच्या नळकांड्यात एकत्र आले. ते नळकांडं म्हणजे पुंगळी. बार झाला की गोळी निघून जाते, दारू जळते, केप (तिला आता प्रायमर म्हणतात) फुटून निकामी होते, पुंगळी तेवढी मागे उरते. चौघांत महाग तीच आणि पुन्हा वापरता येणारीही तीच. 1870 च्या दशकात अमेरिकेतल्या माळरानांवर बायसन मारत फिरणारे शिकारी रात्री तळावर बसून आपल्या पुंगळ्या स्वतः भरत. आज तिथे हा घरच्या गॅरेजात करण्याचा छंद आहे.

आपल्याकडे 1959 च्या शस्त्र कायद्यानुसार परवान्याशिवाय काडतूस तयार करता येत नाही, त्यामुळे रिकाम्या पुंगळीशी आपली गाठ पडते ती पंचनाम्याच्या बातमीत किंवा एनसीसीच्या मैदानावर. फायरिंग संपल्यावर गवतात ओणवं होऊन आम्ही पॉइंट टू-टूच्या पुंगळ्या वेचत असू, कारण जितक्या गोळ्या मिळाल्या तितक्या पुंगळ्या मोजून परत द्यायच्या असत. त्या पुन्हा भरण्याच्या कामाच्या नसतात हे मला पुष्कळ नंतर कळलं. त्यांचा स्फोटक मसाला बुडाच्या कडेतच भरलेला असतो. घोड्याच्या पिनेने ती कड चेपली की त्या पुंगळीचा जन्म संपला. बुडाच्या मधोमध वेगळा प्रायमर बसवलेली असेल तीच पुंगळी पुन्हा भरता येते.

या पुंगळीचं पितळ सत्तर टक्के तांबं आणि तीस टक्के जस्ताचं असतं. मोठ्या रायफलीत बार होताना आतला दाब दर चौरस इंचाला 60,000 पौंडांच्या घरात जातो, म्हणजे हवेच्या दाबाच्या सुमारे 4,000 पट. त्या क्षणी पुंगळी फुगून चेंबरच्या, म्हणजे नळीतल्या ती बसते त्या जागेच्या, भिंतीला चिकटते आणि तापलेला वायू मागे फिरकू देत नाही. दाब उतरला की ती किंचित आक्रसून सुटी होते. रायफल गालाशी धरणाऱ्या माणसाचं तोंड भाजत नाही ते या फुगण्या-आक्रसण्यामुळे. नुसतं मऊ तांबं घेतलं तर ते फुगेल, पण परत येणार नाही. फार कडक धातू घेतला तर तो चिरेल. म्हणून कारखान्यात एकाच पुंगळीला दोन स्वभाव दिलेले असतात: बूड जाड आणि कडक, तोंड पातळ आणि मऊ. ही गोष्ट ध्यानात ठेवावी, पुढे तिचं काम पडणार आहे.

आता झाडलेली पुंगळी. तिच्या आत काजळी असते आणि बुडाशी प्रायमरची राख. बाहेर मैदानातली माती, वाळू, आणि काही दिवस पडून राहिली असेल तर हवेने आलेला काळपटपणा. यातला काळपटपणा आपल्या डोळ्यांत सगळ्यात आधी भरतो आणि कामाच्या दृष्टीने त्याला शून्य महत्त्व आहे. तपकिरी पडलेली पुंगळी लख्ख पुंगळीइतकीच नीट चालते. खरी अडचण वाळूची. बार होताना फुगलेली पुंगळी परत मापात आणायला पोलादी डायमध्ये दाबून घालावी लागते. वाळूचा एक कण डायच्या आतल्या भिंतीत रुतला, तर पुढच्या प्रत्येक पुंगळीवर त्याच जागी चर उमटत राहतो. म्हणून डायमध्ये घालण्यापूर्वी एकदा धुवायचं. डायमध्ये पुंगळी अडकू नये म्हणून वंगण लावतात, ते काढायला पुन्हा धुवायचं. बाहेरून तेलकट राहिलेली पुंगळी चेंबरच्या भिंतीला धरत नाही, तिचा रेटा मागे चेंबर बंद करणाऱ्या बोल्टवर जातो. आत राहिलेलं तेल दारू आणि प्रायमर नासवतं.

एवढ्याला साबणाचं कोमट पाणी पुरतं. धुवायचं, निथळायचं, पापड-सांडग्यांसारखं उन्हात पसरायचं आणि आत थेंबभर पाणी राहिलं नाही याची खात्री करायची. मग माणसं इतकी खटपट का करतात?

खटपटीचे तीन प्रकार जास्त चालतात. पहिला कोरडा: थरथरणाऱ्या भांड्यात अक्रोडाच्या टरफलांचा किंवा मक्याच्या बुरकुंडाचा चुरा घालायचा, त्यात पुंगळ्या टाकायच्या आणि यंत्र दोन-तीन तास चालू ठेवायचं. दुसरा ओला: फिरणाऱ्या पिंपात पाणी, साबण, चिमूटभर लिंबूसत्व आणि सुमारे एक मिलिमीटर जाडीच्या बारीक स्टीलच्या काड्या. या काड्या पुंगळीच्या आत शिरतात आणि प्रायमरची खाचसुद्धा खरवडून काढतात. तिसरा प्रकार अल्ट्रासॉनिक यंत्राचा, आपल्याकडे सराफांकडे दागिने धुवायला असतं तसंच. ध्वनिलहरींनी पाण्यात सूक्ष्म बुडबुडे उठतात आणि फुटतात, आणि त्या धक्क्याने मळ सुटतो.

पहिल्या आणि तिसऱ्या यंत्रातून निघालेल्या पुंगळ्या शेजारी-शेजारी ठेवून पाहाव्यात. कोरड्या चुऱ्यातली पुंगळी बाहेरून झळझळते, पण उलटी करून पाहिली तर प्रायमरची खाच काळीच्या काळी. अल्ट्रासॉनिकमधली आतपर्यंत धुतलेली, पण रंगाने मलूल. शंभरातले नव्वद लोक पहिलीला स्वच्छ म्हणतील. साफ होणं आणि चमकणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे यापेक्षा स्वस्तात कुणी शिकवत नाही. ती खाच अगदीच भरलेली असेल तर नवा प्रायमर पुरता बसत नाही, किंचित वर राहतो आणि कधी बार चुकतो. चमकेच्या मागे लागलेल्याला हे दिसतच नाही, कारण तो पुंगळी उलटी करत नाही.

मळ काढल्यावर पाहायचं काय? तोंडापाशी उभा तडा आहे का, हे पहिलं. वारंवार फुगून आणि दाबली जाऊन गळ्याचं पितळ कडक होतं आणि एक दिवस चिरतं. पुण्यातल्या तांबट आळीत हे कुणाला समजावून सांगावं लागणार नाही. ठोकलेलं भांडं ताठरतं, मध्ये तापवून मऊ केलं नाही तर फुटतं, हा तिथला रोजचा व्यवहार आहे. दुसरी गोष्ट पाहायची ती बुडाच्या जरा वर. तिथे कधी कधी पुंगळीभोवती एक उजळ, चमकदार कडं उमटतं. त्या जागी पितळ ताणून आतून पातळ झालेलं असतं आणि पुढच्या एखाद्या बाराला बूड धडापासून सुटण्याचा धोका असतो. अनुभवी माणूस कागदाला लावायच्या तारेच्या चिमट्याचं टोक वाकवून पुंगळीच्या आत घालतो आणि भिंतीवरून वर ओढतो. टोक खळग्यात अडखळलं की पुंगळी बाद.

या ठिकाणी चमक हीच धोक्याची खूण आहे. आणि सगळी पुंगळी आरशासारखी घासली, तर ते उजळ कडं बाकीच्या उजळपणात बेमालूम मिसळतं. मळाने दोष झाकला जातो हे सर्वांना माहीत असतं, चकाकीनेही तो तितकाच झाकला जातो. याहून वाईट उदाहरण आगीत पडलेल्या पुंगळ्यांचं. शेकोटीत पडून भाजलेली पुंगळी बुडापासून तोंडापर्यंत मऊ होते, म्हणजे कडक राहायला हवं ते बूडही मऊ. भाजल्याचा काळा-लाल रंग अंगावर असतो तोवर ती ओळखू येते. तीन तास अक्रोडाच्या चुऱ्यात फिरली की नव्यासारखी दिसते, आणि मग कुणालाच ओळखू येत नाही. म्हणून नीट काम करणारे पुंगळ्या धुण्याआधी एकदा निवडतात आणि धुतल्यावर पुन्हा निवडतात. पहिल्या निवडीत डाग साक्ष देतात, दुसऱ्या निवडीत उघडं पितळ.

आतापर्यंतच्या गोष्टीत मळ तरी दिसत होता. पण पितळेला सगळ्यात मोठी इजा ज्यांनी केली, त्यांनी मागे डागही ठेवला नाही.

पहिला पारा. जुन्या प्रायमरमध्ये पाऱ्याचा एक स्फोटक क्षार असे. काळ्या दारूच्या काळात त्याचा पुंगळीला फारसा उपद्रव नव्हता, कारण काळी दारू जळली की ढीगभर काजळी उरे आणि सुटलेला पारा त्या काजळीत विखरून जाई. पुढे बिनधुराची दारू आली. पुंगळ्या आतून कितीतरी स्वच्छ निघू लागल्या आणि नासू लागल्या. पाऱ्याला अडवणारी काजळीच उरली नाही, तेव्हा तो थेट पितळेत शिरला आणि ते ठिसूळ करून गेला. मळ कमी झाला म्हणून नुकसान वाढलं, असं हे प्रकरण. अमेरिकी सैन्याने विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर पाऱ्याचे प्रायमर सोडून दिले.

दुसरी गोष्ट आपल्या देशातली. ब्रिटिशांच्या काळात पावसाळा लागला की मोहिमा थंडावत आणि दारूगोळा कोरडे दिवस येईपर्यंत ठेवून दिला जाई, पुष्कळदा घोड्यांच्या तबेल्यांत. पावसाळ्यानंतर पेट्या उघडल्या की काही पुंगळ्या गोळीला आवळून धरणाऱ्या गळ्यापाशी चिरलेल्या निघत. त्यांना कुणी हात लावलेला नसे, त्या झाडलेल्या नसत, आपटलेल्या नसत. या चिरण्याला ‘सीझन क्रॅकिंग’ असं नाव पडलं. उलगडा झाला 1921 मध्ये, मूर, बेकिन्सेल आणि मॅलिन्सन या तिघांच्या संशोधनातून. पुंगळी थंड पितळेतून ओढून-दाबून घडवतात, तेव्हा धातूत एक ताण कोंडून राहतो. घोड्यांच्या मुताचा जो उग्र वास तबेल्यात डोळ्यांना झोंबतो, तो अमोनियाचा. दमट हवेत हा अमोनिया पितळेतल्या तांब्याशी संयोग पावतो. ताण नसता तर पृष्ठभाग थोडा झिजून थांबला असता. ताण असल्यामुळे झीज कणांच्या सांध्यासांध्यांतून आत उतरते आणि पितळ उकलत जातं. ताण, अमोनिया आणि ओल या तिघांतला एक जरी काढला तरी पुंगळी वाचते.

पावसाळा काही काढता येत नाही, आणि सैन्याचा माल कुठे, कशाशेजारी पडून राहील याचा भरवसा नसतो. मग राहिला ताण. तो काढायचा उपाय म्हणजे घडवून झाल्यावर पुंगळीच्या तोंडाला आच देणं. लेक सिटीच्या पुंगळीवरचा तो निळसर-तपकिरी पट्टा म्हणजे ही आच. गिऱ्हाईक ज्याला डाग म्हणून नाकं मुरडतं, तो त्या तबेल्यातल्या तड्यांवरचा इलाज आहे.

हे कळल्यावर पितळेच्या पॉलिशकडे वेगळ्या नजरेने पाहावं लागतं. बिल्ले, बक्कल, दाराच्या कड्या चकाकवण्यासाठी मिळणाऱ्या कित्येक पॉलिशमध्ये अमोनिया असतो, कारण तो काळपटपणा झटकन उचलतो. बक्कलला त्याने काही होत नाही, बक्कलवर कुणी 60,000 पौंडांचा दाब टाकत नाही. पुंगळीला मात्र असं पॉलिश लावू नये, असं जाणते सांगतात. एकदा लागलं आणि लगेच धुतलं तर पुंगळी फुटेलच असं नाही. पण फायदा कसला? निव्वळ दिखाव्याचा. त्यापायी नेमकं तबेल्यातलं औषध घरी आणून पुंगळीला चोळायचं, याला माझ्या मते शहाणपण म्हणत नाहीत.

आंबटाची गोष्ट जरा सौम्य आहे आणि ती आपल्या स्वयंपाकघरांना ठाऊक आहे. चिंचेने ताम्हण घासलं की क्षणात उजळतं. चिंचेतलं आम्ल काळपट थर विरघळवतं, लिंबूसत्वही तेच करतं. पण तेच ताम्हण चिंचेच्या कोळात रात्रभर विसरलं तर सकाळी त्याचा पिवळा रंग जाऊन तांबूस छटा आलेली असते. अशा वेळी आपण म्हणतो, भांडं खराब झालं. झालेलं असतं ते असं: आम्लाने जस्त ओढून नेलं आणि वर तांबं उरलं. पितळी भांड्यात ताक कळकतं, म्हणून आपल्या बायकांनी आतून कल्हई असल्याखेरीज त्यात आंबट कधी ठेवलं नाही. पुंगळ्या साफ करणारा अमेरिकन त्याच भीतीने घड्याळ लावून बसतो. सौम्य लिंबूसत्व, काही मिनिटं, मग भरपूर पाणी. गुलाबी पडलेली पुंगळी दिसली की समजावं, मळ संपल्यावरही कुणीतरी साफ करतच राहिलं होतं.

थांबायचं कुठे याचं सगळ्यात नाजूक उदाहरण अचूक नेमबाजी करणाऱ्यांकडे मिळतं. त्यांच्यातले अनेक जण पुंगळीच्या गळ्यातली काजळी पूर्ण काढत नाहीत, ब्रशने वरवर झाडतात. गळा आतून अगदी कोरडा, उघडा पितळी केला की गोळी बसवताना ती कधी अडखळत जाते, कधी सुळकन, आणि प्रत्येक गोळीची पकड वेगळी पडते. काजळीचा पातळ थर तिथे वंगणाचं काम करतो. स्टीलच्या काड्यांत पुंगळ्या फार वेळ फिरवल्या तर त्यांच्या तोंडाची कड ठेचली जाते, तीही नंतर तासून काढावी लागते.

एका मळाबाबत मात्र कसलीही सूट नाही, आणि तो पुंगळीला नाही तर माणसाला बाधतो. प्रायमरच्या राखेत शिसं असतं. कोरड्या यंत्राचं झाकण उघडून चुरा चाळताना जी धूळ उडते ती श्वासात जाते. ओल्या पद्धतीत धूळ उडत नाही, पण शिसं त्या काळ्या पाण्यात उतरलेलं असतं. म्हणून हे काम घराबाहेर, लहान मुलांपासून लांब करायचं. त्याची भांडी-चाळणी वेगळी ठेवायची, स्वयंपाकघरातलं काही वापरायचं नाही आणि हात धुतल्याशिवाय तोंडात काही घालायचं नाही. चकाकीवर तास घालवणारे इथे हटकून आळस करतात.

सगळं झाल्यावर पुंगळ्यांचे दोन ढीग पडतात. भरायच्या ढिगात काळपट, मलूल, गळ्याशी निळसर पट्टा असलेल्या कितीतरी असतात, त्या बिनदिक्कत घ्याव्यात. तडा गेलेली, कड्यापाशी पातळ झालेली, आगीत भाजलेली पुंगळी कितीही झळझळीत असली तरी बाहेर काढावी, आणि ती तशीच भंगाराच्या डब्यात टाकू नये. पक्कडीने तिचं तोंड चेपावं, म्हणजे दुसऱ्या कुणाच्या हाती लागली तरी ती पुन्हा भरली जाणार नाही.